वृद्ध पुरुषांची हाडे : वेळीच करावयाची चाळणी

दिवाळीपूर्वी गोदामातील माल मोजावा, येणे-देणे मांडावे आणि जुन्या वर्षाचा ताळेबंद पुरा करूनच नव्या चोपड्या उघडाव्यात, हा आपल्या पेढ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. आपली शिल्लक ठाऊक नसलेला व्यापारी फार काळ टिकत नाही, हे आपण मुलांना गादीवर बसविताना प्रथम सांगतो. परंतु ज्या देहाच्या आधारे हा सारा व्यवहार चालतो, त्याच्या हाडांची शिल्लक आपल्यापैकी किती जणांनी कधी पाहिली असेल? रक्तदाब, रक्तातील साखर, हृदयाचा आलेख या तपासण्या आता आपल्या घरांत रुळल्या आहेत. हाडांची चौकशी झालीच, तर ती घरातील स्त्रियांची होते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांच्या हाडांचा विचार बहुधा हाड मोडल्यानंतरच सुरू होतो. तो आधी कसा करावा, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात साध्या साधनांनी तो कितपत करता येतो, हे सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

रोगाचे स्वरूप

डॉक्टर ज्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, त्यास मराठीत अस्थिसुषिरता असा शब्द आहे. सुषिर म्हणजे सच्छिद्र. हाड हा निर्जीव दगड नव्हे. त्याचा जुना भाग सतत विरघळत असतो आणि त्या जागी नवा भाग भरला जात असतो. तिशीच्या सुमारास हाडांतील साठा सर्वाधिक असतो. त्यापुढे हळूहळू भरणीपेक्षा झीज वाढते. झीज फार झाली म्हणजे हाडाच्या आतील जाळी विरळ होते, आणि उभ्या उंचीवरून साधे पडणे, वाकून पोते सरकविणे, क्वचित जोराचा खोकला एवढ्यानेही हाड मोडते. मनगट, पाठीचे मणके आणि खुबा ही अशा मोडण्याची मुख्य ठिकाणे होत.

या रोगाची वाईट गोष्ट ही की, हाड मोडेपर्यंत तो काहीच दुखवीत नाही. मणक्यांचे अस्थिभंग तर होऊनही लक्षात येत नाहीत. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश वैद्यकीय नोंदीत येतच नाहीत, असे दिसून आले आहे. आजोबांची पाठ वाकली, उंची कमी झाली, की आपण ‘वय झाले’ असे म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात ते दबलेल्या मणक्यांचे चिन्ह असू शकते.

पुरुष मागे का राहिले

स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर हाडांची झीज एकदम वाढते. पुरुषांत असा एकदम उतार नसतो आणि मुळात त्यांची हाडे अधिक मोठी असतात. म्हणून हा स्त्रियांचा रोग, अशी समजूत दृढ झाली. तीत अर्धेच सत्य आहे. पन्नाशीनंतर तीन स्त्रियांपैकी एकीस आणि पाच पुरुषांपैकी एकास उर्वरित आयुष्यात असा अस्थिभंग होतो, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. खुब्याच्या अस्थिभंगांपैकी सुमारे तीस टक्के पुरुषांत होतात. ते स्त्रियांपेक्षा काही वर्षे उशिरा होतात. पण खुबा मोडल्यावर वर्षाच्या आत मृत्यू येण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक आहे. त्या वयात हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात आणि अंथरूण धरल्यावर माणूस सावरत नाही. जे सावरतात, त्यांतील अनेकांस पुन्हा पूर्वीप्रमाणे आधाराविना चालता येत नाही. पेढीचा कर्ता पुरुष असा जायबंदी झाला म्हणजे घराचे आणि धंद्याचे काय होते, हे या वाचकांस सांगावयास नको.

पुरुषाचे हाड केवळ पुरुषी अंतःस्रावावर अवलंबून असते, हा समजही १९९४ मध्ये मोडला. त्या वर्षी अमेरिकेतील २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर ईस्ट्रोजेन या स्त्री-अंतःस्रावाचा परिणामच होत नव्हता, आणि त्याची हाडे अत्यंत विरळ होती. पुरुषाच्या देहातही पुरुषी अंतःस्रावातून थोडे ईस्ट्रोजेन तयार होते व तेच हाडे राखते, हे यातून स्पष्ट झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगावर पुरुषी अंतःस्राव बंद करणारे उपचार घेणाऱ्यांची हाडे वेगाने का झिजतात, याचा उलगडाही येथेच होतो.

सर्वांची तपासणी करावी काय?

येथे एक खुलासा अवश्य आहे. प्रत्येक वृद्ध पुरुषाची यंत्राने तपासणी करावी की नाही, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयीच्या कार्यदलाने २०१८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की, ६५ वर्षांवरील स्त्रियांची तपासणी करावी. पुरुषांबाबत मात्र हिताहित ठरविण्यास पुरेसा पुरावा नाही. कॅनडात २०२३ या एकाच वर्षी दोन निराळी मते प्रसिद्ध झाली. तेथील प्रतिबंधक आरोग्याच्या कार्यदलाने पुरुषांची सरसकट तपासणी करू नये असे म्हटले, तर तेथील अस्थिसुषिरतेच्या संस्थेने सत्तरीला पोहोचलेल्या स्त्री-पुरुष दोघांचीही घनता मोजावी असे सांगितले. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्येच सत्तर वर्षांपुढील सर्व पुरुषांची, आणि पन्नास ते एकोणसत्तर या वयात धोक्याची कारणे असलेल्यांची तपासणी सुचविली होती.

या मतभेदाचे मूळ असे की, तपासणीचा लाभ पडताळणारे मोठे प्रयोग स्त्रियांवर झाले. ब्रिटनमधील ‘स्कूप’ प्रयोगात ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ स्त्रिया होत्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, धोका मोजून उपचार देण्याच्या पद्धतीने खुब्याचे अस्थिभंग सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. सर्व प्रकारच्या अस्थिभंगांची एकूण संख्या मात्र लक्षणीय घटली नाही. पुरुषांवर असा प्रयोग झालेला नाही. पुरावा अपुरा असणे म्हणजे तपासणी निरुपयोगी ठरणे नव्हे, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हा सारा वाद अद्याप काही न झालेल्या माणसांविषयी आहे. ज्याचे हाड पन्नाशीनंतर साध्या पडण्याने एकदा मोडले आहे, त्याच्याबद्दल वाद नाही. पहिल्या अस्थिभंगानंतर दुसऱ्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. असा माणूस चाळणीच्या पलीकडे गेलेला आहे. त्याची पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे प्लास्टर निघाले की प्रकरण मिटले असे मानले जाते, आणि हाड का मोडले हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. आमच्या मते सर्वांत मोठी चूक ती हीच.

डॉक्टरांच्या टेबलावरील चाळणी

धान्याच्या व्यापाऱ्यास चाळणीचे काम समजावून सांगावे लागत नाही. चाळणी मालाचा भाव ठरवीत नाही. कोणता माल पुन्हा हातात घेऊन पाहावयाचा, एवढेच ती वेगळे करते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २००८ मध्ये वृद्ध पुरुषांतील धोक्याचा वेळोवेळी असाच अंदाज घ्यावा असे सुचविले. त्यासाठी यंत्र लागत नाही. वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि काही प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न वयाचा : सत्तरी उलटली आहे काय? दुसरा वजनाचा : देह कृश आहे काय, अथवा अलीकडे दहा टक्क्यांहून अधिक वजन घटले आहे काय? तिसरा : पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले आहे काय? चौथा : आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता काय? पाचवा औषधांचा : दमा, संधिवात अथवा त्वचारोगासाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉईड दिवसास पाच मिलिग्रॅम वा अधिक, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले आहे काय? फेफऱ्यावरील काही औषधे व वर सांगितलेले प्रोस्टेटचे उपचारही येथेच नोंदवावेत. सहावा : धूम्रपान वा मद्यपान आहे काय? सातवा : थायरॉईड, मूत्रपिंड, आतडी अथवा संधिवात यांचा जुना विकार आहे काय? आठवा : गेल्या वर्षात किती वेळा पडलात?

पाचव्या प्रश्नाबाबत विशेष सावधगिरी हवी. गुडघेदुखीवर कोणा परिचिताने आणून दिलेल्या बिननावाच्या पुड्या आपल्यात अनेक जण वर्षानुवर्षे घेतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉईडची भेसळ आढळली आहे. त्या पुड्याच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवाव्यात. ‘काही औषध नाही, साधी पूड आहे’ असे सांगू नये.

उंची हीदेखील उत्तम साक्षीदार आहे. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर वा अधिक घट झाली असेल, तर मणक्यांचे क्षकिरण छायाचित्र घ्यावे लागते. जुनी उंची आठवत नसेल, तर आयुर्विम्याच्या जुन्या कागदपत्रांत ती पुष्कळदा सापडते.

वजन आणि वय यांवरून काढावयाचा एक सोपा हिशोबही आहे. किलोग्रॅममधील वजनातून वर्षांतील वय वजा करावे आणि बाकीस पाचाने भागावे. बहात्तर वर्षांच्या सत्तावन्न किलोच्या गृहस्थाचा आकडा उणे तीन येईल. सहासष्ट वर्षांच्या शहात्तर किलोच्या गृहस्थाचा अधिक दोन. आकडा जितका खाली, तितकी घनता कमी असण्याची शक्यता अधिक. २००१ मध्ये आशियातील स्त्रियांसाठी बनविलेले हे गणित पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांवरही पडताळले गेले. कोणत्या आकड्यापासून धोका मानावा, हे निरनिराळ्या समाजांत निराळे येते. म्हणून आकडा घरी काढला तरी त्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

याहून सविस्तर हिशोब ‘फ्रॅक्स’ या पद्धतीने होतो. ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठातून ती २००८ मध्ये पुढे आली. चाळीस ते नव्वद वर्षांच्या व्यक्तीस येत्या दहा वर्षांत मोठा अस्थिभंग होण्याची शक्यता ती टक्क्यांत सांगते, आणि भारतासाठी तिचे स्वतंत्र कोष्टक आहे. मूळ पद्धतीत पडण्याचा प्रश्न नाही, म्हणून तो डॉक्टरांनी निराळा विचारावा.

यंत्राची परीक्षा आणि शिबिरांतील यंत्र

चाळणीत जो वेगळा निघेल, त्याची ‘डेक्सा’ तपासणी करावी. यात अत्यल्प क्षकिरणांनी खुबा व कंबरेचे मणके यांची घनता मोजतात. काही मिनिटे स्वस्थ पडून राहावे लागते, वेदना नाही. निकाल ‘टी-स्कोअर’ या आकड्यात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिलेल्या व्याख्येनुसार उणे २.५ वा त्याखाली अस्थिसुषिरता, आणि उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान घटलेली घनता समजतात. वृद्ध पुरुषांत मणक्यांभोवती संधिवाताने हाडाचे कंगोरे वाढलेले असतात आणि त्यामुळे मणक्याचा आकडा खोटाच चांगला दिसतो; म्हणून त्यांच्या बाबतीत खुब्याचा आकडा अवश्य पाहावा.

समाजाच्या शिबिरांत टाच ठेवून ध्वनिलहरींनी हाड तपासण्याचे छोटे यंत्र पुष्कळदा आणलेले असते. त्यावरील आकड्यास उणे २.५ ची व्याख्या लागू पडत नाही. तो कमी आला म्हणून घाबरून गोळ्या सुरू करू नयेत, आणि चांगला आला म्हणून वरील प्रश्नांची उत्तरे विसरू नयेत.

दोष आढळला, तर कारण शोधणे हे पुढचे पाऊल. पुरुषांत निम्म्या वा अधिक रुग्णांत मागे दुसरे काही कारण असते. म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडांचे कार्य, थायरॉईड व पुरुषी अंतःस्राव यांच्या रक्ततपासण्या डॉक्टर सांगतात.

आपला आहार आणि आपली व्रते

आपल्या समाजात हा प्रश्न हटकून निघतो, म्हणून स्पष्ट लिहितो. ब्रिटनमध्ये सुमारे ५५ हजार लोकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मांसाहाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग सुमारे पंचवीस टक्के अधिक, आणि दूधही वर्ज्य करणाऱ्यांत त्याहून पुष्कळ अधिक आढळले. कृश देह आणि कॅल्शियम व प्रथिने यांचे कमी सेवन ही त्याची अंशतः कारणे दिसली. ते लोक परदेशी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. तेव्हा तो आकडा आपल्यास जसाच्या तसा लावू नये. बोध मात्र घ्यावा : दोष अहिंसक आहारात नाही, तो अपुऱ्या आहारात आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषास रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर दुधातून सुमारे ४८०, मोठी वाटीभर दह्यातून सुमारे १८०, आणि ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे १७५ मिलिग्रॅम मिळते. ही बेरीज ८३५ होते. बाकीचे डाळी व तीळ भरून काढतात. चातुर्मासात ज्या घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात, तेथे दूध, नाचणी व डाळी यांचे प्रमाण जाणून वाढवावे. एकासणे करणाऱ्यांनी त्या एका बैठकीत डाळ आणि दूध-दही यांची कसर ठेवू नये. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ती निरनिराळी घ्यावीत.

ड जीवनसत्त्वाविना हे कॅल्शियम पुरते शोषले जात नाही, आणि ते मुख्यतः त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून तयार होते. रविवार पेठेतील पेढीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसणाऱ्यास ऊन लागते कोठे? काचेआडून आलेले ऊन या कामी उपयोगाचे नाही. औषध घ्यावे लागल्यास, ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून बनविलेलेही मिळते. जिलेटिनचे कवच नको असल्यास पूड वा गोळी मागावी. पण मोठ्या मात्रेच्या पुड्या मनाने चालू ठेवू नयेत. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील वृद्ध स्त्रियांस वर्षातून एकदाच ५ लाख एकके दिल्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्यांचे पडणे व अस्थिभंग उलट वाढलेले दिसले.

औषधोपचार

औषधे पुरुषांतही उपयोगी पडतात. २०१२ मध्ये १,१९९ पुरुषांवरील प्रयोगात झोलेड्रॉनिक आम्लाच्या वार्षिक सलाईनने दोन वर्षांत मणक्यांचे नवे अस्थिभंग ४.९ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. आठवड्यातून एकदा घ्यावयाची अॅलेंड्रोनेटची गोळी अधिक प्रचारात आहे. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास काही न खाता ताठ बसावे. आडवे झाल्यास अन्ननलिकेस इजा होते. नवकारशी पाळणाऱ्यांस हे अवघड नाही : सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी उकळून निवविलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि अर्ध्या तासाने न्याहारी करावी. ठरलेल्या वारी निर्जळ उपवास आला, तर गोळी कोणत्या दिवशी घ्यावी हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे. मूत्रपिंडे अशक्त असल्यास ही औषधे चालत नाहीत. जबड्याच्या हाडाचा किंवा मांडीच्या हाडाचा दुष्परिणाम क्वचित होतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी दातांची कामे उरकावीत आणि किती वर्षे घ्यावयाचे हे ठरवून घ्यावे. डेनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन मात्र मध्येच सोडल्यास मणके मोडण्याचा धोका एकदम वाढतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना थांबवू नये.

घराने आणि संघाने करावयाचे काम

हाड कितीही विरळ असले, तरी बहुधा पडल्याशिवाय खुबा मोडत नाही. ओली मोरी, रात्री लघवीस उठताना अंधारा बोळ, पायांत येणारे धोतर, माळ्यावरील मालासाठी स्टुलावर चढणे, झोपेच्या गोळ्या व मोतीबिंदू ही पडण्याची नित्याची कारणे होत. मोरीत धरावयास दांडा, बोळात रात्रभर मंद दिवा, पायांत घट्ट बसणारी वहाण, वरचा माल काढण्यास तरुण माणूस, एवढ्याने पुष्कळ संकट टळते. रोजचे चालणे, जिना चढणे आणि खुर्चीतून हातांच्या आधाराविना उठण्याचा सराव यांनी स्नायू व तोल टिकतात.

आपल्या संघापुढे आमची एक सूचना आहे. पुढील आरोग्य शिबिरात टाचेच्या यंत्रावर खर्च करण्याऐवजी वजनकाटा, उंचीची पट्टी आणि वरील आठ प्रश्नांची छापील चिठ्ठी ठेवावी. साठ वर्षांपुढील प्रत्येक पुरुष सभासदाची चिठ्ठी स्थानिक डॉक्टरांकडून भरून घ्यावी, आणि ज्यांस डेक्सा हवी असे ठरेल त्या थोड्यांसाठीच निधी वापरावा. ज्यांचे हाड पूर्वी मोडले आहे, त्यांची नावे यादीत प्रथम असावीत. चिठ्ठीची एक प्रत सभासदाने घरी जपावी, म्हणजे पुढील वर्षीची उंची व वजन तिच्याशी ताडून पाहता येईल. वडीलधारे आपणहून दवाखान्यात जात नाहीत; तेव्हा मुलांनी व सुनांनी येत्या दिवाळीच्या आत ही चिठ्ठी भरून घेण्याचे काम आपल्या अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.